लाल चौकोनांची उधारी

वाचकाचं पत्र, थोडक्यात : मी ४३ वर्षांची, ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, शाळेत शिकवते. दीड वर्षापूर्वी एका रनिंग ग्रुपमध्ये नाव घातलं, तेव्हा उपवन तलावाची एक फेरीही सलग धावता येत नव्हती. कोच सरांच्या प्लॅनमुळे गेल्या जानेवारीत २ तास ४१ मिनिटांत हाफ मॅरेथॉन झाली. येत्या जानेवारीसाठी मुंबईच्या फुलचं, म्हणजे ४२ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनचं, नाव नोंदवलंय. पण ऑगस्टअखेर सासूबाई घरात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन चालायला शिकतायत. मुलगा दहावीला आहे. आठवड्याच्या पाच रनपैकी दोन तरी चुकतातच. ॲपमध्ये चुकलेल्या दिवसाचा चौकोन लाल होतो, तो मला बघवत नाही, म्हणून चुकलेले रन शनिवार-रविवारी भरून काढते. मागच्या रविवारी प्लॅनमध्ये १८ किलोमीटर होते, गुरुवारचे ८ जोडून २६ केले. मंगळवारचे ८ शनिवारी येऊरच्या डोंगरातल्या ६ मध्ये भरून काढले. मधल्या वारी ४० मिनिटं मिळतात, ती जीव तोडून धावते. सर 'हळू धाव' म्हणतात, पण एवढ्याशा वेळात हळू धावून काय हाती लागणार? नवरात्राचे उपास होते तरी लाँग रन सोडला नाही. तीन आठवडे उजव्या नडगीत आतल्या बाजूनं दुखतंय. २६ किलोमीटर गोळी घेऊन केले. सरांना सांगितलं नाही, सांगितलं तर थांबवतील. त्यांनी दोनदा विचारलं, 'सगळं ठीक ना?' मी 'हो सर' म्हटलं. नणंद म्हणाली, 'आई अंथरुणात आणि तू पळायला.' नवरा काही बोलत नाही, पण त्याचा चेहरा बोलतो. सासूबाई दर वेळी विचारतात, 'आज किती धावलीस?' हा टोमणा असेल का? मी स्वार्थी आहे का? कोच सोडून माझी मी धावू, की फुलचा नादच सोडू?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती. खुणा झाल्या त्या नवरात्राच्या उपासावर, गोळीवर आणि 'हो सर' या दोन शब्दांवर. तुम्ही शेवटी जे प्रश्न विचारलेत त्यांत यातलं काहीच नाही. म्हणून आधी न विचारलेल्याचं उत्तर देते. त्यातलं एक काम आजच करायचं आहे.

आज रात्री पलंगावर बसून उजव्या नडगीच्या हाडाची आतली कड अंगठ्यानं घोट्यापासून वर हळूहळू दाबत जा. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात सगळीकडे थोडंथोडं दुखत असेल, धावायला सुरुवात करताना जास्त आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर बहुधा ते शिन स्प्लिंट्स आहे. धावणाऱ्यांमध्ये फार नेहमीचं दुखणं आहे हे, वेळीच थांबलं तर बरं होतं. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ जात असेल, जिना उतरताना तिथेच टोचत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. मी डॉक्टर नाही, आणि तुमचा अंगठाही डॉक्टर नाही. तेव्हा दोन्हीपैकी काहीही वाटलं तरी याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना पाय दाखवायचा. त्यांना किलोमीटरचे खरे आकडे सांगा. आणखी एक लक्षात ठेवा : असा तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून आनंदानं बूट चढवू नका. दुखणं तसंच असेल तर एमआरआयची गरज आहे का, हे तुम्ही स्वतःहून विचारा. डॉक्टर सांगेपर्यंत धावणं बंद, दोरीच्या उड्या बंद, येऊर बंद.

गोळीबद्दल मला कडक बोलायचं आहे. दुखणं हा त्या हाडाचा एकमेव आवाज आहे आणि तुम्ही २६ किलोमीटर त्याच्या तोंडावर हात ठेवलात. शिवाय आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या घेऊन, घामानं अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तासन्‌तास धावणं मूत्रपिंडावर भार टाकतं. आपल्याकडच्या ऑक्टोबरात तर जास्तच. ग्रुपमध्ये कुणी 'रेसच्या आधी एक टाकतोच' म्हणत असेल, तर ते ऐकू नका. इतर वाचकांनीही ऐकू नये.

हे मी पुस्तकी सांगत नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावर मी स्वतः पाच आठवडे अशीच दुखऱ्या पायानं धावले. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की थांबावं लागणार हे ठाऊक होतं. शेवटी थांबवलं ते पायानंच. पुढचे दीड महिने स्वयंपाकघरात उंच स्टुलावर बसून पोळ्या लाटल्या. तेव्हा घरच्यांची जी ओढाताण झाली, त्यापुढे दोन आठवड्यांची विश्रांती काहीच नव्हती.

आता हे झालं कशामुळे, त्याकडे येऊ. तुमच्या मूळ पत्रात 'भरून काढते' हे शब्द चार वेळा आलेत. मला ते चांगले ओळखीचे आहेत. किराणावाल्याचं खातं महिनाअखेर मिटवायचं, भिशीचा हप्ता चुकला तर पुढच्या महिन्यात दोन भरायचे, पाहुण्यांकडून आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नाही, अशा घरांत आपण वाढलो. कुणाचं देणं राहिलं की झोप लागत नाही. हा गुण तुम्ही धावण्यातही आणलात, आणि लाल चौकोन म्हणजे थकलेली बाकी वाटायला लागली.

पण तुमच्याच घरात सध्या दुसरं एक ट्रेनिंग चालू आहे, त्याकडे बघा. सासूबाईंना फिजिओथेरपिस्टनं पहिल्या दिवशी नुसतं उभं केलं असेल. मग पलंगापासून दारापर्यंत, मग हॉलपर्यंत. समजा, एक दिवस त्यांना ताप आला आणि चालणं राहिलं. दुसऱ्या दिवशी फिजिओ म्हणाला, 'कालच्या वीस आणि आजच्या वीस, चला, चाळीस पावलं,' तर तुम्ही त्याला चालवून घ्याल का? दारातच अडवाल. त्यांच्या हाडाला जो न्याय, तोच तुमच्या नडगीला.

धावताना हाडावर जो ताण येतो त्याला शरीर उत्तर देतं, पण त्याची एक रीत आहे. आधी जुनं, थकलेलं हाड काढून टाकलं जातं आणि मग तिथे नवं भरलं जातं. काढण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरायला महिने लागतात. मधल्या काळात ती जागा कच्ची असते. घराची डागडुजी करताना जुना गिलावा खरवडल्यावर भिंत काही दिवस जशी उघडी असते, तशी. हृदय आणि फुप्फुसं मात्र भराभर तयार होतात. म्हणून 'आता दम लागत नाही' असं वाटायला लागतं, नेमकं तेव्हाच हाडं आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मागे राहिलेल्या असतात. चांगला कोच किलोमीटर आठवडाभर पेरतो तो यासाठी. तुमच्या त्या आठवड्याचा हिशोब मी मांडला : मंगळवारचे ८, बुधवारचे ६, गुरुवारचे ८, शनिवारचे ६, रविवारचे १८, असे ४६ किलोमीटर. त्यातले ४० तुम्ही शनिवार-रविवारच्या दोन सकाळींत केलेत. त्यात शनिवारी येऊर. चढ दमवतो, पण नडगीला मार बसतो तो उतारावर.

तेव्हा चुकलेला रन चुकला, एवढंच. तो पुढे ढकलायचा नाही, जोडायचा नाही. आज प्लॅनमध्ये जे आहे तेवढंच करायचं. दहा-बारा दिवस अजिबात धावता आलं नाही तरी दीड वर्षाची कमाई कुठे जात नाही, थोडा जडपणा येतो आणि आठवड्याभरात निघून जातो. खंड त्याहून मोठा झाला तर मात्र जिथे थांबलात तिथून सुरू करायचं नसतं. मागे येऊन सुरू करायचं, आणि किती मागे ते कोचला ठरवू द्यायचं. सलग दोन दिवस मोठे रन तर कधीच नकोत.

'४० मिनिटं हळू धावून काय हाती लागणार?' हा प्रश्न मला ठाण्यातल्या निम्म्या हौशी धावपटूंनी विचारलेला आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. हळू धावण्यात स्नायूंमध्ये रक्ताच्या बारीक केशवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढतात, शरीर चरबी जाळायला शिकतं. मॅरेथॉनला लागतं ते हेच, आणि ते दमछाक न करता होतं. स्टीफन सायलर या संशोधकानं जगातल्या अव्वल दर्जाच्या धावपटूंच्या, नौका वल्हवणाऱ्या खेळाडूंच्या आणि स्कीपटूंच्या सरावाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांची सुमारे ८० टक्के सत्रं हलक्या जोराची निघाली. त्यांच्याआधी न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी हे करून दाखवलं होतं. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेलनं ८०० मीटरचं आणि मरी हॅलबर्गनं ५००० मीटरचं सुवर्ण घेतलं, बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला. ८०० मीटर धावणारा स्नेलसुद्धा रविवारी ऑकलंडच्या डोंगरातली २२ मैलांची, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरची फेरी करत असे. लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करायचे, दुधाच्या फेऱ्याही करायचे. नोकरी सांभाळून धावणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढे त्यांनी हृदयविकारातून उठलेल्या प्रौढ माणसांनाही हळू धावायला लावलं.

तुम्ही शिक्षिका आहात, तर तुमच्यासाठी सोपी चाचणी : धावता धावता एकोणीसचा पाढा मोठ्यानं, मध्ये न थांबता म्हणता आला पाहिजे. 'एकोणीस चोक' ला श्वास तुटला तर वेग जास्त आहे. घड्याळातल्या पेसकडे, म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळाकडे, या दिवसांत बघूच नका. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि मग त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात. पावसाळ्यात गार सरींमध्ये जो पेस सहज होता, तो ऑक्टोबरात महाग पडतो. तुम्ही मात्र मधल्या वारी जोरात, शनिवारी चढ-उतार, रविवारी लांब आणि थकलेल्या पायांनी धावत होता. शरीर सावरेल असा हलका दिवस तुमच्या आठवड्यात एकही नव्हता.

उपासाबद्दल लिहिताना मी जपून लिहिते, कारण श्रद्धेचा विषय आहे आणि नवरात्र मीही करते. पण दिवसभर चहावर राहायचं, संध्याकाळी वाटीभर साबुदाणा खायचा आणि रविवारी पहाटे वीसेक किलोमीटर धावायचं, यात शरीराला खर्चाच्या मानानं जमा फारच कमी मिळते. अशा वेळी शरीर ज्या दुरुस्त्या पुढे ढकलता येतात त्या ढकलतं, आणि हाडांची डागडुजी त्यातली एक. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये या ऊर्जेच्या तुटीला रेड-एस असं नाव दिलं. त्यात पाळी अनियमित होते, सारखं थकल्यासारखं वाटतं, हाडं कमकुवत होतात. तुमची पाळी गेल्या काही महिन्यांत मागेपुढे झाली असेल, तर ते फक्त वयामुळे असेल असं धरून चालू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या. मार्गशीर्षातले गुरुवार येतीलच. ते धरायचे तर धरा, पण त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धावू नका. किंवा उपासाचं खाणं पोटभर खा : दूध, दही, केळी, रताळं, राजगिरा, शेंगदाणे. रिकाम्या पोटी रहा असं कुठलीच देवी सांगत नाही, असं माझी आई म्हणायची. तिला रेड-एस ठाऊक नव्हतं, पण शेतात राबणाऱ्या बायकांना ती उपासाच्या दिवशीही दुपारी बसवून खाऊ घालायची.

आता कोच. 'हो सर' वाचल्यावर मला वर्ग आठवला. तुमच्या वर्गात एखादी मुलगी असेलच, जिला अपूर्णांक कळलेले नाहीत आणि 'समजलं का?' विचारल्यावर ती सगळ्यात आधी मान हलवते. तुम्ही पुढचा धडा घेता. परीक्षेत ती कोसळते, आणि तुम्हाला वाईट वाटतं ते तिच्या गुणांपेक्षा तिनं सांगितलं नाही याचं. तुमचे सर सध्या त्या जागी उभे आहेत. गेले काही आठवडे ते ज्या बाईचा प्लॅन लिहितायत, तिची सासू धडधाकट आहे, पाय दुखत नाही आणि पोट भरलेलं आहे. ती बाई तुम्ही नाही.

लाल चौकोनामागे सरांचा राग दडलाय, असं तुम्ही धरून चाललात. तो रंग यंत्र लावतं. लिहिलेलं आणि झालेलं जुळलं नाही की लाल. सासूबाईंचं ऑपरेशन त्याला कळत नाही. माणसाला कळतं, आणि त्या माणसानं दोनदा विचारलं.

म्हणून कोच सोडू नका, असं मी म्हणेन. सोडलात तर भरून काढायची सवय तुमच्याबरोबर येईल, आणि थांबवणारं कुणी उरणार नाही. पण सगळ्याच वाचकांना हा सल्ला लागू नाही. चाळीस जणांना एकच प्लॅन पाठवणारा, फोनवरच दुखण्याचं निदान करून गोळीचं नाव सांगणारा, ग्रुपवर सगळ्यांसमोर बायकांच्या वजनावर बोलणारा, विश्रांतीला आळस म्हणणारा कोच असेल, तर त्या महिन्याची फी गेली असं समजून बाहेर पडावं. प्रशिक्षणाची पारख मी एकाच गोष्टीवरून करते : अडचण सांगितल्यावर प्लॅन बदलतो का? तुम्ही अजून सांगितलेलंच नाही, त्यामुळे तुमच्या सरांची परीक्षा व्हायची आहे.

आज रात्री त्यांना एवढंच लिहा : 'सर, मी खरं सांगितलं नव्हतं. तीन आठवडे उजवी नडगी आतून दुखतेय. चुकलेले रन मी शनिवार-रविवारी जोडत होते. घरी सासूबाईंचं ऑपरेशन झालंय, आठवड्याला तीनच दिवस मिळतील. डॉक्टरांना दाखवून कळवते, तोवर प्लॅन थांबवा.' सबबी नकोत, माफीही एकदाच. तीन दिवसांचा प्लॅन असेल तर चौकोनही तीनच असतील. पुढेही दर रविवारी त्यांना तीन गोष्टी कळवत जा : झोप किती, दुखतंय कुठे, घरी काय चाललंय.

स्वार्थाच्या प्रश्नाला मी पळवाट काढणार नाही. तुमच्या घरावर सध्या खरंच भार आहे आणि पुढचे दोन-तीन महिने तो राहणार आहे. त्यात रविवारी चार तास घराबाहेर जाणं कुणाच्या तरी वाट्याला काम टाकून जाणंच आहे. पण ते कुणाच्या वाट्याला जातं, हे घरात कधी ठरवलंत का? तुमच्या पत्रातून असं दिसतं की सगळ्यांचं सगळं झाल्यावर जो वेळ उरेल तोच आपला, असं तुम्ही धरलंय. उरत नाही, म्हणून तो चोरून घेता, आणि चोरला म्हणून अपराधी वाटतं. वेळ मागून घेतलात तर तो कमी मिळेल कदाचित, पण हक्काचा असेल.

नवऱ्याचा चेहरा वाचू नका, त्यांना विचारा. 'रविवारी पाच ते नऊ आईंचं तुम्ही बघाल का?' असं वेळेसकट विचारा. 'मला जरा मदत करा' याला होकार मिळतो आणि पुढे काही होत नाही. कदाचित ते आईच्या काळजीनं गप्प असतील, कदाचित तुमच्या पायाचं त्यांच्या लक्षात आलं असेल. लंगडणारी बायको 'काही नाही' म्हणत बूट घालून निघते, तेव्हा माणसाचा चेहरा पडतोच. नणंदबाईंना टोमण्याचं उत्तर देऊ नका, महिन्यातला एक रविवार द्या. 'वन्सं, दुसऱ्या रविवारी तुम्ही आईंजवळ राहायला याल का, त्यांनाही बरं वाटेल.' आल्या तर उत्तमच. मुलगा दहावीला असला तरी आजीला सकाळी चहा आणि औषध देणं त्याच्या अभ्यासात बसतं.

आणि सासूबाई. 'आज किती धावलीस?' हा टोमणा आहे का, हे मी इथे बसून सांगू शकत नाही, तो स्वर तुम्ही ऐकलाय. पण दिवसभर पलंगावर पडून छताकडे बघणारी, वॉकर धरून एकेक पाऊल मोजणारी बाई सुनेला रोज आकडा विचारते, तेव्हा मला त्यात कुतूहलाचीही शक्यता दिसते. घरात पावलं मोजणाऱ्या सध्या तुम्ही दोघीच आहात. पुढच्या वेळी त्यांना खरा आकडा सांगा, आणि 'आई, तुमची आज किती झाली?' असं विचारा. उत्तर काय येतं त्यावरून टोमणा होता की नाही ते कळेल.

राहिला जानेवारी. डॉक्टरांनी तडा आहे असं सांगितलं, तर यंदाच्या फुलचा प्रश्न तिथेच मिटला. तो हट्ट करायचाच नाही. शिन स्प्लिंट्स असेल, तर दोन-तीन आठवडे धावणं बंद, त्या काळात डॉक्टर परवानगी देतील तो पोटऱ्या, मांड्या आणि कमरेच्या ताकदीचा व्यायाम, मग सपाट रस्त्यावर थोडं चालणं, थोडं धावणं. ३० नोव्हेंबर ही तारीख ठरवून ठेवा. त्या दिवसापर्यंत वेगवेगळ्या तीन दिवशी अर्धा तास सलग, गोळीशिवाय, दुखल्याशिवाय धावता आलं नसेल, तर फुल पुढच्या वर्षी.

आणि आलं तर? तरीही, मला विचाराल तर, यंदा फुल करू नका. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उभं राहायचं, तर डिसेंबरात निदान एक-दोनदा ३०-३२ किलोमीटरचा लाँग रन झालेला हवा. १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, ते अंतर ३४ किलोमीटर. तुमचा तो सराव म्हणजे जवळजवळ तेवढं धावणं. तुमच्या वेगानं चार तासांच्या वर, दुरुस्त होत असलेल्या नडगीवर, आणि घरी वॉकरवरच्या सासूबाई. शर्यतीत तर पेडर रोडचा चढ येतो तेव्हा पाय आधीच संपलेले असतात. त्याला पुरा पडेल असा सराव या तीन महिन्यांत बसत नाही, आणि कोंबून बसवायचा म्हटला तर तुम्ही परत शनिवार-रविवार जोडायला लागाल. नाव नोंदणीचे पैसे गेले, हे मनाला लागेल. तीही एक उधारीच, ती लिहून टाका. फेब्रुवारीत ठाण्यात किंवा नवी मुंबईत १० किलोमीटरची एखादी शर्यत धरा, सासूबाई तोवर बहुतेक काठीवर आलेल्या असतील, मुलाची परीक्षा तोंडावर असेल, आणि दहा किलोमीटरचा सराव आठवड्याच्या तीन दिवसांत मावतो. जूनपासून परत फुलची बांधणी करा. ४४ व्या वर्षी पहिली मॅरेथॉन धावायला मुळीच उशीर झालेला नसतो.

हे माझं मत. निर्णय तुमचा, डॉक्टरांचा आणि सरांचा. पण सरांना कळवल्याशिवाय तो घेऊ नका.

तपासणीत काय निघालं ते मला लिहा. आणि सासूबाईंनी सांगितलेला आकडाही.